दम खाण्याची कृती

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांना जिन्याच्या दुसऱ्या वळणावर नेमका महत्त्वाचा मेसेज वाचायचा असतो, रस्त्यात फुलवालीच्या टोपलीतली शेवंती निष्कारण न्याहाळावीशी वाटते, आणि जे घरच्यांना "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच" म्हणून मागे राहतात, त्यांच्यासाठी. तुमच्या हातात नुकताच एक रिपोर्ट पडला असेल. त्यावर सीओपीडी लिहिलेलं असेल. श्वासनलिका अरुंद झाल्यात, फुफ्फुसांची झीज झालीय, हे बरं होणार नाही पण आटोक्यात राहील, असं डॉक्टरांनी नीट समजावलं असेल. त्यातलं 'आटोक्यात राहील' एवढंच तुम्ही ऐकलं असेल. घरी येऊन "थोडासा दमा आहे म्हणाले" असं सांगून विषय मिटवला असेल. सुरुवात अगदी रीतसर झाली आहे. सगळे इथूनच सुरू करतात.

प्रवेश परीक्षा

तिला स्पायरोमेट्री म्हणतात. ज्यांची अजून झाली नाही त्यांनी करून घ्यावी, नुसत्या एक्स-रेवर भागत नाही. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात, आणि आत्तापर्यंत गोड बोलणारी मुलगी एकदम ओरडायला लागते, "फुंका, फुंका, फुंका! थांबू नका, अजून, अजून, अजून!" डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत फुंकायचं. धडधाकट माणूस छातीत भरून घेतलेल्या हवेतली सत्तर टक्क्यांहून जास्त हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. आपल्याला ते जमत नाही. मग पंपातून औषध देतात, पंधरा मिनिटं बाहेर बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. तरीही आकडा ०.७० च्या खालीच राहिला की प्रवेश पक्का. हे यंत्र जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४६ मध्ये जगापुढे मांडलं. आयुर्विमा उतरवण्याआधी गिऱ्हाईक पारखायला ते उपयोगी पडेल, असंही त्याच्या मनात होतं. तेव्हा रिपोर्ट पाहिल्यावर विमा एजंटचा चेहरा का पडतो, ते समजून घ्या. परंपरा जुनी आहे.

माझी या परीक्षेची तयारी दांडगी होती. मराठवाड्यातल्या आमच्या घरी चुलीपुढे बसून लोखंडी फुंकणीनं जाळ धरून ठेवायचं काम मुलींकडे असे. तुराट्या, पऱ्हाट्या, आणि पावसाळ्यात सादळलेल्या गोवऱ्या. सादळलेली गोवरी पेट घेत नाही, नुसता धूर ओकते. डोळे पदराला पुसत फुंकायचं, आणि पुढच्या फुंकरीसाठी जो श्वास भरून घ्यायचा तो त्याच धुरातून. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना विचारलं, "ह्यांना कधी बिडी-सिगारेटची सवय?" तर ह्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि सत्याला स्मरून उत्तर दिलं, "माझ्यासमोर तरी नाही."

फुफ्फुसाला धूर बिडीचा की चुलीचा हे कळत नाही. आपल्या देशात हा आजार असलेल्या कितीतरी बायकांनी जन्मात बिडीला हात लावलेला नाही. स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. तोवर माझ्या पिढीचा आपापल्या वाट्याचा धूर गिळून झाला होता. आणि सिलिंडर घरात आला तरी भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हे गावाकडे कुणीही सांगेल. खऱ्याखुऱ्या बिडी-सिगारेटवाल्यांना मात्र एकच सूचना : आज सोडा. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, घसरण मंदावते. पाकिटावरच्या इशाऱ्यानं २०१६ पासून ८५ टक्के जागा व्यापली आहे. उरलेल्या १५ टक्क्यांकडे बघून जे ओढतात, त्यांना मी काय शिकवणार?

विषयाची तोंडओळख

नवशिक्यांना वाटतं, आपल्याला श्वास घेता येत नाही. खरं दुखणं वेगळं आहे : श्वास सोडता येत नाही. फुफ्फुसात तीसेक कोटी वायुकोश असतात. त्यांचं अस्तर पसरलं तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे साडेसातशे स्क्वेअर फूट. पुण्यात एवढ्या जागेला टू बीएचके म्हणून विकतात. या आजारात कोशांमधल्या भिंती पडत जातात. फ्लॅटमधली भिंत पाडली की हॉल मोठा होतो आणि पाहुणे वाहवा करतात. इथे सगळी किंमत भिंतीलाच, कारण ऑक्सिजन रक्तात जातो तो भिंतीतून. भिंती गेल्या की उरतो नुसता ऐसपैस हॉल, त्यात शिळी हवा मुक्काम ठोकून बसते, आणि बाहेर जायचा पॅसेज अरुंद. जुनी निघाल्याशिवाय नवी येणार कुठे? तुम्ही मात्र खिडकीत उभे राहून, तोंडाचा आ वासून, आणखी हवा आत ओढत असता.

पहिली कृती : चंबू

नाकानं श्वास घ्या, मनात दोन आकडे मोजत. मग ओठांचा चंबू करून हळूहळू सोडा, चार आकडे मोजत. जोर लावायचा नाही. ओठ आवळल्यानं आत थोडा दाब राहतो, त्या दाबानं मिटायला आलेल्या बारीक नळ्या उघड्या राहतात आणि कोंडलेली हवा वाटेला लागते. खर्च नाही, वीज लागत नाही, कुठेही करता येतं. अडचण एवढीच की चंबू केलेला माणूस शिट्टी मारायच्या बेतात आहे असं दिसतं. साठी उलटलेल्या बाईनं बसस्टॉपवर हे केलं की आजूबाजूचे लोक आधी तिच्याकडे आणि मग ती कोणाकडे बघतेय तिकडे बघतात.

सराव धाप लागलेली नसताना करायचा. टीव्हीवर मालिका चालू असताना उत्तम, तिथे कोणालाच कसली घाई नसते. धाप लागल्यावर शिकायला बसलात तर आकडे आठवत नाहीत, देव आठवतात.

चंबूच्या जोडीला एक बैठक आहे. खुर्चीत बसून पुढे वाकायचं, कोपरं गुडघ्यांवर टेकायची. उभ्यानं असाल तर ओट्यावर किंवा कठड्यावर हात टेकून वाकायचं. हातांना आधार मिळाला की मानेचे नि खांद्यांचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात.

दुसरी कृती : जिना

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंट झाली की येणार आहे. त्यासाठी मीटिंगा चालू आहेत, आणि मीटिंग गच्चीवर असते.

नियम असा : श्रम करायचे ते श्वास सोडताना. पायरीवर उभं राहून श्वास घ्या, सोडता सोडता दोन पायऱ्या चढा, थांबा, पुन्हा घ्या. कठडा धरा. पिशवी नको, पिशवीसाठी गॅलरीतून दोरीला टोपली सोडा, आमच्याकडे भाजी, दूध आणि एकदा शेजारच्यांचा चार्जर याच मार्गानं वर आला. घाईघाईनं एक मजला चढून मग धापा टाकत बसण्यापेक्षा या चालीनं वेळ कमीच लागतो, हे पहिल्या दिवशी पटत नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणारे आमचे एक शेजारी या चालीला "वरात" म्हणतात. म्हणू द्या.

खरा अडथळा पायऱ्यांचा नसतोच. पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडं टाकून बसलेल्या असतात. "काय, भाजी आणली का?" उत्तराला श्वास लागतो, आणि तो तुमच्यापाशी नाही. नवशिका अशा वेळी काय करतो? आहे तो श्वास रोखतो, चेहरा हसरा ठेवतो, "हो ना, मेथी स्वस्त होती" एवढं एका दमात म्हणून टाकतो, आणि वरच्या वळणावर, काकूंच्या नजरेआड, कठड्याला धरून उभा राहतो. ओठ निळे, कपाळावर घाम, मनात समाधान की काकूंना कळलं नाही.

या आजारात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत बनलं आहे की जिन्यापेक्षा जास्त दम लागतो तो दम लागला नाही असं दाखवायला. मोबाइल काढणं, शेवंती बघणं, चपलेचा बंद पुन्हा पुन्हा लावणं (वाकून! म्हणजे आणखी धाप), लिंबू घ्यायचं नसताना लिंबाचा भाव विचारणं ही सगळी सोंगं महागाची आहेत. डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहून दिली, व्यायाम लिहून दिला, पण ही गळती कुठल्या यंत्रावर दिसत नाही म्हणून त्यावर काही लिहून देता आलं नाही.

तेव्हा काकूंसाठी कृती अशी. हात वर करा, वाहतूक पोलीस करतात तसा. चंबू. चार आकडे. मग मेथी. पहिल्या वेळी काकू घाबरून पाणी आणतात. दुसऱ्या वेळी खुर्ची आणतात. पुढे खुर्ची जिन्यातच ठेवलेली सापडते, आणि तिथे बसल्या बसल्या त्यांची मेथी निवडून द्यावी लागते. याला इलाज नाही.

इयत्ता

डॉक्टर दमाच्या पायऱ्या शून्य ते चार अशा मोजतात. भरपूर कष्ट केल्यावरच धाप लागली तर शून्य. भरभर चालताना किंवा चढावर लागली तर एक. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडायला लागलात, तर दोन. शंभरेक मीटरवर थांबावं लागलं तर तीन. घराबाहेर पडता येत नाही, कपडे बदलतानाही दम लागतो, तर चार. या शाळेत नापास होऊन त्याच वर्गात राहण्यासारखं सुख नाही.

इयत्ता विचारली की नवशिके फसवतात. "चालायला त्रास होतो का?" "छे, अजिबात नाही." होणार कसा, चालणंच सोडलंय. भाजी मुलगा आणतो, बँक फोनवर, देऊळ टीव्हीवर. न चालल्यानं पायांचे स्नायू आटतात, आटलेल्या स्नायूंना त्याच कामाला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून आणखी धाप, म्हणून आणखी बसून राहणं. या चक्रातून काढायला श्वसनाचे व्यायामवर्ग असतात. तिथे आधी तीस मीटरच्या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायला लावून अंतर मोजतात. धाप लागली तरी चालायचं, थांबत थांबत चालायचं. माझ्या बॅचला एक निवृत्त हवालदार होते. सहा मिनिटांत त्यांनी सगळ्यात कमी अंतर काटलं आणि कॉरिडॉर मोजण्यात चूक आहे अशी तोंडी तक्रार नोंदवली.

घरातली कामं

इथे बायकांचा पेपर अवघड आहे. पुरुषांनी हा भाग वाचून घरात लागू करावा.

कपडे वाळत घालताना, वेणी घालताना, फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढताना एकाएकी धाप लागते, आणि काम तर काहीच नसतं. कारण साधं आहे : मानेचे-खांद्याचे जे स्नायू आपण श्वासासाठी उसने घेतलेत, तेच हात वर धरायला लागतात. दोन्ही कामं एकदम होत नाहीत. छताजवळची कपड्यांची काठी रद्द करा, कमरेएवढा स्टँड आणा. रोजचे डबे कमरेच्या उंचीवर. साडीच्या निऱ्या वाकून सारख्या करण्याऐवजी नातीला बसवा खाली. नात नसेल तर निऱ्या वरखाली राहू द्या, कोणी मोजत नाही. अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, न्हाणीघराचं दार किलकिलं ठेवून, पाणी कोमट. वाफेनं मोकळं वाटेल असं म्हणतात. बंद मोरीत धुमसत्या वाफेत मला तरी कोंडल्यासारखंच होतं. अंग पुसत बसण्यापेक्षा टर्किशचा गाऊन घालून पाच मिनिटं पडून राहा, तो पुसण्याचं काम करतो.

जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा. पोट तट्ट भरलं की ते श्वासाच्या पडद्याला खालून दाबतं, आणि त्या पडद्यावरच तर आपला संसार चाललेला असतो.

फोडणी हा स्वतंत्र विषय आहे. तेल तापतं, मोहरी तडतडते, इथवर ठीक. सुकी मिरची पडली की पहिल्या ठसक्याला घर दणाणतं, आणि आपली उबळ सुरू झाली की थांबत नाही. सुनेला "मिरची नको" असं सांगितलं की आमटी बेचव होते आणि त्याचं खापर आपल्यावर फुटतं. तोडगा : एक्झॉस्ट फॅन आधी लावायचा, मिरची तेलात न टाकता आमटीतच उकळायला टाकायची, आणि फोडणीच्या वेळी आपण गॅलरीत जाऊन कोथिंबीर निवडायची. स्वयंपाकघरावर देखरेख केल्याशिवाय चैन पडत नसेल तर तो आजार वेगळा, त्याचं मार्गदर्शन इथे नाही.

औषधं

पंप तोंडात धरून फुस्स केलं आणि झालं, असं दिसतं. तसं नाही. दाबायच्या पंपातलं औषध सावकाश, खोल श्वासाबरोबर घ्यायचं. कॅप्सूलच्या रोटाहेलरमधून मात्र जोरात आणि भरकन ओढायचं, आत कॅप्सूल खडखडली पाहिजे. लोक नेमकं उलट करतात. दोन्हींनंतर दहा आकडे श्वास धरून ठेवायचा. काही जण ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात, आणि काहीच फरक नाही म्हणून डॉक्टर बदलतात. पंप दाबण्याची आणि श्वासाची वेळ जुळत नसेल तर स्पेसर घ्या, त्या प्लास्टिकच्या डब्यानं जुळवाजुळवीची कटकट संपते. तो साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळू द्यायचा, फडक्यानं पुसायचा नाही. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा आणि रोजचा वेगळा. बरं वाटतंय म्हणून रोजचा बंद करणारे दिवाळीच्या सुमारास दवाखान्यात भेटतात.

पंप चारचौघांत घ्यायला लाज वाटत असेल तर त्याचा जन्म ऐका. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं बापाला विचारलं, केसांवर मारायच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही? पुढच्या वर्षी पंप बाजारात आला. रुमालात लपवायची वस्तू ती नव्हेच.

बेडक्याच्या रंगावर लक्ष ठेवा. रोजचा पांढरा असेल आणि पिवळा-हिरवा झाला, प्रमाण वाढलं, धाप वाढली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गुंगी येऊ लागली, ओठ निळे पडले, वाक्य पूर्ण होईना, तर फोनसुद्धा नाही, थेट दवाखाना. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. या परिच्छेदात विनोद नाही, शोधू नका.

सल्लागार मंडळ

मंडळावर नेमणूक आपोआप होते. नणंद, दीर, वाणी, वॉचमन आणि ट्रेनमध्ये समोर बसलेला गृहस्थ हे पदसिद्ध सदस्य.

पहिला ठराव नेहमी असतो, "पंपाची सवय लागते." सवय चष्म्याचीही लागते. पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल येतं. त्याच औषधाची एक गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस दाबांएवढी, आणि ती पोटातून सगळ्या अंगभर हिंडून मग छातीत पोचते. हे वन्संना मी कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "ते खरं गं, पण सवय लागते."

दुसरा ठराव केळी, दही आणि भात बंद. तिसरा ओव्याची धुरी. धुरानं झालेल्या आजारावर धूर. चौथा कोजागरीच्या रात्रीची औषधी खीर, चांदण्यात ठेवलेली. पाचवा हैदराबाद : मृग नक्षत्राला तिथे बत्तिनी गौड घराण्याकडून जिवंत मासोळीच्या तोंडात औषध घालून ती गिळायला देतात, आपल्याकडूनही माणसं गाड्या भरून जातात. आमच्या जाऊबाई कट्टर शाकाहारी. त्यांनी चौकशी करून कळवलं की शाकाहारी मंडळींना तेच औषध गुळातून मिळतं. आता माझ्यापाशी नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं, म्हणून मी जूनमधल्या रेल्वेच्या गर्दीत मला किती धाप लागेल ते सांगितलं. त्यावर त्यांनी कपालभातीची सीडी पाठवली. ज्याला श्वास सोडायचीच मारामार, त्यानं तो झटके देऊन सोडायचा की नाही हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

सल्ल्यांना उत्तर देऊ नये. उत्तराला श्वास लागतो. "बघते" हा शब्द पुरतो, त्यात दोनच अवयव हलतात.

पुढच्या इयत्तेसाठी : मशीन

विश्रांतीच्या वेळीसुद्धा रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या वर जाईना, तर डॉक्टर तपासण्या करून घरी कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगतात. दिवसाचे निदान पंधरा तास. कमी तासांना फायदा होत नाही, हे १९८० आणि १९८१ मध्ये अमेरिकेत नि ब्रिटनमध्ये झालेल्या दोन चाचण्यांनंतर पक्कं झालं. मशीन हवेतला नायट्रोजन बाजूला काढतं आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून नाकाशी आणून सोडतं. रात्रभर घरघर चालू. ह्यांच्या घोरण्यावर तो उतारा निघाला, हा फायदा कुठल्या चाचणीत नोंदलेला नाही. साडेतीनशे वॅट धरले तर पंधरा तासांचे सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, आणि चिरंजीव रोज रात्री गॅलरीतला दिवा मालवून काटकसर करतात. वीज गेली तर म्हणून एक बी टाइप सिलिंडर भरलेला ठेवा. मिनिटाला दोन लिटरनं तो बाराएक तास पुरतो.

करोनात घराघरांत ऑक्सिमीटर आले आणि प्रत्येकजण ९८ चा भक्त झाला. आपल्यातल्या पुष्कळांचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं. आकडा वाढावा म्हणून मशीनवरची प्रवाह दाखवणारी गोटी मनानं वर चढवू नका, जास्त ऑक्सिजननं काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल, मेंदी रंगलेली असेल तर आकडा चुकतो. श्रावणात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचा आकडा ८१ आला आणि घरात रडारड झाली. तिनं मेंदी नसलेल्या अंगठ्यावर लावला तर ९१.

देवघर मशीनपासून दहा फूट तरी लांब. निरांजन, उदबत्ती, गॅस, सगळंच. नळीनं नाक कोरडं पडतं म्हणून घरातली मोठी माणसं प्रेमानं साजूक तूप किंवा व्हॅसलिन लावायला येतात. ऑक्सिजन आणि स्निग्ध पदार्थ एकत्र नकोत, पेट घेऊ शकतात. पाण्यात विरघळणारं जेल मिळतं.

नळी लावलेली असताना बेल वाजली की नवशिके नळी काढून उशीखाली सारतात. पाहुणे दोन तास बसतात. चहा होतो, फराळ होतो, आणि ते "प्रकृती अगदी उत्तम दिसते हो" असं म्हणून जातात. जिन्यातल्या काकूंची कृती इथेही लागू.

सणवार

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडक्या बंद, आणि जमत असेल तर दोन दिवस कोकणात बहीण असावी. होळीला तसंच. पालापाचोळा जाळणाऱ्या सोसायटीच्या माणसाशी भांडण्यापेक्षा त्याला रोज चहा द्या, त्या वेळात पाचोळा घंटागाडीत जातो. डासांची एक कॉइल जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण निघतात, असं २००३ मध्ये मोजलं गेलं आहे; मच्छरदाणी बांधा.

गणपतीत आरतीला नाही म्हणू नका, फक्त वाद्य निवडा. झांजेला श्वास लागत नाही. विठ्ठलाच्या आरतीत सगळी मंडळी एकेक सूर धरून कोण जास्त वेळ टिकतो त्याची चुरस लावतात, तेव्हा तुम्ही झांज आणखी जोरात वाजवा. कापूर पेटला की दाराशी सरका, प्रसाद तिथेच वाटतात.

लग्नकार्य

कार्यालय तळमजल्यावर आहे का, हे पत्रिका आल्याबरोबर विचारा. अक्षता टाकायला उठायची गरज नाही, खुर्चीतून टाका, नाहीतरी त्या पुढच्याच्या डोक्यावरच पडतात. बुफेच्या रांगेत उभं राहायचं नाही. एखाद्या रिकाम्या भाच्याला हाताशी धरा, ताट आणायला लावा, मठ्ठा आधी नको म्हणून बजावा. आल्यागेल्याला तब्येतीचं उत्तर एकदाच मोठ्यानं द्या, म्हणजे आसपासच्या सहा खुर्च्यांना पुन्हा द्यावं लागत नाही : "सीओपीडी आहे, धाप लागते, बोलता बोलता थांबले तर घाबरू नका, तुमचं चालू द्या."

स्टेजला पाच-सहा पायऱ्या असतातच. रांगेतल्या माणसांना पुढे जाऊ द्या, खाली खुर्चीत बसा, आहेराचं पाकीट हातात ठेवा. नंबर आला की श्वास सोडत दोन पायऱ्या, थांबा, पुन्हा दोन. वर पोचल्यावर नवरीला आशीर्वाद मनातल्या मनात. नेमकं त्याच वेळी फोटोग्राफर "आजी, स्माइल!" म्हणून ओरडतो, आणि तुमचा चंबू चालू असतो. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या झाडून सगळ्या अल्बममध्ये मी नवरा-नवरीशेजारी शिट्टी वाजवायच्या तयारीत उभी आहे. त्याला हात वर करून थांबवा, चार आकडे पूर्ण होऊ द्या. घाई असेल तर मागच्या मंडळींचा फोटो आधी काढ म्हणावं.